शकुंतलेची जमीन आणि ओटागोची वाट

मूर्तिजापूर स्टेशनाबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीचा, विषय निघाला की चहाची दुसरी फेरी ठरलेलीच असते, पण परवा नाना न्यूझीलंडहून परतले आणि त्या जुन्याच वादाला नवे तोंड फुटले. लेकीकडे डनेडिनला गेलेल्या नानांना जावयाने ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’वर नेले होते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची सायकलवाट करून दाखवणाऱ्या त्या मुलखाने नाना इतके भारावले होते की खुशाली विचारायच्या आतच ते म्हणाले, “आपल्या शकुंतलेचे हेच करायला हवे.”

“म्हणजे गाडीवर कायमचे पाणी सोडायचे?” वकीलसाहेब कडाडले. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत आजवर दिलेल्या सगळ्या निवेदनांच्या पोचपावत्या असतात आणि कोणत्याही चर्चेत ती पिशवी उघडल्याशिवाय त्यांना राहवत नाही. “ब्रॉडगेज ही आमची मागणी आहे. सायकल चालवायला आम्ही निवेदने दिलेली नाहीत.”

नानांनी मग सविस्तर सांगितले. मिडलमार्चपासून क्लाइडपर्यंतची ही वाट १५२ किलोमीटरची आहे. हा मार्ग बांधायला १८७९ साली सुरुवात झाली, क्लाइडला गाडी पोहोचायला १९०७ उजाडले आणि १९२१ मध्ये ती क्रॉमवेलपर्यंत गेली. पुढे माल रस्त्याने जाऊ लागला, शेवटची काही वर्षे क्लाइडच्या धरणाचे सामान वाहण्यात गेली आणि १९९० मध्ये गाडी थांबली. रूळ उखडले गेले, पण जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली नाही. १९९३ मध्ये तिथल्या सरकारच्या संवर्धन खात्याने ती सलग ताब्यात घेतली, जाड गिट्टीच्या जागी बारीक खडी दाबली, पुलांवर फळ्या ठोकून कठडे उभारले आणि २००० साली पूर्ण वाट खुली केली.

“मुळात आगगाडीसाठी काढलेला मार्ग असल्यामुळे चढ पन्नास मीटरला एक मीटर, त्याहून जास्त कुठेच नाही,” नाना सांगत होते. “माझ्या गुडघ्यांनीसुद्धा कुरकुर केली नाही. पूलबर्नच्या दरीत दोन बोगदे आहेत, दोन्ही दोनशे मीटरहून लांब, आत विजेरीशिवाय पाऊल टाकता येत नाही. तिथला पूल ३७ मीटर उंच आणि त्याचे खांब घडीव दगडाचे. जुन्या स्टेशनांच्या जागी पेट्या ठेवल्या आहेत, त्यातला शिक्का आपल्या पुस्तिकेवर आपणच मारायचा. आणि अलेक्झांड्राच्या बाजूला टेकड्यांवर रानओव्यासारखी एक वनस्पती माजली आहे, तिचा वास सायकलवरसुद्धा येतो.”

हाइड गावाजवळच्या स्मारकाबद्दलही ते बोलले. ४ जून १९४३ रोजी तिथे गाडी घसरून २१ माणसे गेली होती. इतका वेळ गप्प असलेल्या बापूंनी तेव्हा पहिला प्रश्न विचारला, “वळणावर वेग किती होता?” मर्यादेच्या दुपटीहून अधिक होता, हे ऐकल्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

बापू शकुंतलेवर चाबीवाले होते. हातोडा, पाना आणि लाल-हिरव्या झेंड्या घेऊन रोज आपल्या हद्दीतला मार्ग पायी तपासायचा, रूळ पकडून ठेवणाऱ्या चाब्या सैल झाल्या की ठोकायच्या, हे त्यांचे काम. या विषयावर कट्ट्यावर कोणाचे ऐकावे असे मला विचाराल, तर मी बापूंचे नाव घेईन, कारण बाकीच्यांनी या मार्गावरून प्रवास केला आहे आणि बापूंनी तो राखला आहे.

“वकीलसाहेब, गाडी मलाही हवी आहे,” ते म्हणाले. “दर्यापूरचा, अंजनगावचा, कारंज्याचा गरीब माणूस बसचे तिकीट परवडत नाही म्हणून या गाडीने जायचा, त्याला सायकलवाट दाखवून काय उपयोग? पण तुमची ब्रॉडगेज येईपर्यंत ही जमीन कोण राखणार, ते सांगा. माणसाचे पाऊल पडेनासे झाले की पहिल्या पावसाळ्यात गवत, दुसऱ्यात बाभूळ आणि तिसऱ्यात कुंपण. रूळ गंजला तर बदलता येतो, पण भरावावर एकदा कुणाच्या घराचा पाया पडला की ती जमीन कोणत्याही सरकारच्या हाती परत येत नाही.”

वकीलसाहेबांनी कायद्याचा आधार घेतला. मार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० साली काढलेल्या कंपनीचा, गाडी चालवणार मध्य रेल्वे, मग वाट करण्याची परवानगी द्यायची कोणी आणि कोणत्या कलमाखाली, असे त्यांनी विचारले. तेव्हा शाळेतल्या बाईंनी त्यांना त्यांच्याच प्रांतात गाठले. अमेरिकेत १९८३ पासून अशी कायदेशीर सोयच आहे, की बंद होणारा रेल्वेमार्ग वाट म्हणून वापरायला द्यायचा, पण पुन्हा गाडी सुरू करण्याचा हक्क राखून ठेवायचा. व्हरमाँटमधल्या जमीनमालकांनी त्याला आव्हान दिले, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मालकांना भरपाई मागण्याचा मार्ग तेवढा मोकळा ठेवला. मिसूरीतली ‘केटी ट्रेल’ ही लांबलचक वाट याच तरतुदीतून उभी राहिली.

“म्हणजे वाट केली तर गाडीचा हक्क बुडत नाही?” वकीलसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“बुडत नाही, उलट टिकतो,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून तो मागायला हवा.”

इथून पुढे नाना एकटे पडू लागले, कारण त्यांच्या मनात पर्यटक होते, झुणका-भाकरीच्या खानावळी होत्या आणि १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले आपले जुने वाफेचे इंजिन काचेच्या दालनात उभे होते. बाईंनी त्यांना अकोल्याच्या मे महिन्याची आठवण करून दिली. पंचेचाळीस अंशांत कोणता पर्यटक सायकल चालवणार? त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळीच माणसे होती. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पांदण रस्त्यांवर गुडघाभर चिखल होतो आणि त्यातून मुली शाळेत येतात, तर जवळच रेल्वेचा भराव कोरडा, उंच आणि सपाट पडलेला असतो. त्यावर बारीक मुरूम दाबला आणि मोऱ्यांना कठडे लावले, तर त्या मुलींची सायकल वर्षभर चालेल. मला हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटला, आणि नानांबद्दल आदर असूनही सांगतो, की वाट आधी इथल्या माणसांच्या कामाची झाली तरच ती राहील, पाहुणे मागाहून आले तर त्यांचे स्वागतच आहे.

नाना तरीही सावलीसाठी भरावावर दुतर्फा कडुनिंब लावायचे म्हणत होते. बापूंनी त्यांना मध्येच थांबवले. “भरावावर झाड लावायचेच नाही, मुळे भराव फोडतात. हद्दीच्या दगडांना धरून लावा. सावलीही मिळेल, आणि हद्द कुठपर्यंत आहे हे पुढच्या पिढीला मोजणीदाराशिवाय कळेल.” या एका वाक्यात जी समज आहे ती मला कोणत्याही प्रकल्प अहवालात अजून सापडलेली नाही.

मग विषय वकीलसाहेबांच्या लग्नावर कसा गेला, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यांचे वऱ्हाड दारव्ह्याहून शकुंतलेने आले होते आणि मुहूर्त टळला होता. त्याचे खापर वकीलसाहेब इतकी वर्षे रेल्वेवर फोडत आले आहेत.

“मार्ग ठणठणीत होता,” बापू म्हणाले. “कारंज्याला तुमच्याच मामांनी चहासाठी गार्डला गळ घालून गाडी थांबवून ठेवली, आणि तुम्ही स्वतः फलाटावर फोटो काढून घेत होता.”

“फोटो नव्हे, मी स्टेशनमास्तरांना तक्रार लिहून देत होतो.”

“मग पहिली पोच तिथलीच असेल, पिशवीत बघा,” बाई म्हणाल्या, आणि वकीलसाहेबांसकट सगळे हसू लागले.

हसू ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि नव्या निवेदनाचा मसुदा तिथेच सुरू झाला. ब्रॉडगेजची मागणी पहिली राहील, असे त्यांनी बजावले. दुसरी मागणी बापूंनी सांगितली: गाडी येईपर्यंत मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही जमीन अखंड ठेवावी, तिचा एकही तुकडा वेगळा करू नये आणि तिच्यावरून लोकांना पायी व सायकलने जाऊ द्यावे. नानांनी ओटागोचा उल्लेख घालायचा आग्रह धरला, बाईंनी १९८३ च्या कायद्याचा. अर्जदार म्हणून पहिले नाव कोणाचे, यावर मात्र नाना आणि वकीलसाहेब पुन्हा भांडू लागले. बापूंचे नाव वर घालावे असे मी सुचवले, तेव्हा बापूंनी कागद स्वतःकडे ओढला आणि नावांच्या आधी दुसऱ्या मागणीत ‘अखंड’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.