‘इग्रा’ चाचणी निगेटिव्ह म्हणजे टीबी बरा, हे खरे नाही

‘इग्रा रक्तचाचणी निगेटिव्ह आली की टीबी बरा झाला, गोळ्या बंद करा’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. ही चाचणी जंतू मोजत नाही. क्षयजंतूच्या ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांशी गाठ पडल्यावर रक्तातील टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे संकेत-प्रथिन किती सोडतात, एवढेच ती सांगते, आणि पेशींची ही स्मृती उपचार संपल्यावरही अनेकदा टिकते. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास आजार असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आयपी-१० सारख्या दुसऱ्या संकेत-प्रथिनांवरून उपचाराचा परिणाम ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे खरे, पण फुप्फुसाच्या साध्या क्षयरोगात 6 महिन्यांच्या उपचाराची प्रगती आजही थुंकीची तपासणी, वजन आणि लक्षणे यांवरूनच ठरते. कृपया हा मजकूर पुढे पाठवू नये. तो वाचून कोणी गोळ्या थांबवल्या असतील, तर त्यांनी लगेच डॉक्टरांना भेटावे.