वाघ दिसला तरी शिक्र्यावर का लिहिलं

भाऊ, माझ्या पेंच सफारीच्या पोस्टवर, शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यावर लिहिलं होतं ना, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "एवढे पैसे भरून पेंचला गेले, वाघ दिसला, अन् लिहिलं काय तर शिक्रा! पाखरंच पाहायची होती तर फुटाळा तलावावर जायचं, फुकटात." राग नाही आला, घरी येताना गाडीत बायकोपण हेच बोलून राहिली होती. आणि हेडिंगमध्ये वाघ टाकून आत शिक्रा दिला हे चुकलंच माझं, बदलतो.

पण वाघ करत काय होता ते ऐका. मे महिना, सिल्लारी गेटची दुपारची सफारी, आणि महाराज पाणवठ्यात मागचा भाग बुडवून बसलेले, चाळीस मिनिटं. एक जांभई दिली तर सगळ्या जिप्स्यांतून कॅमेरे सुरू! देखणाच असतो, वाद नाही, पण त्या उन्हात मीही तेच केलं असतं, त्यावर किती लिहू.

तेवढ्यात डाव्या बाजूला सातभाई पाखरांनी कल्ला केला, खार चिरचिरायला लागली, आणि सगळ्यांची तोंडं वाघाकडे म्हणून कोणाचं लक्षच नाही. चितळानं कॉल दिला, म्हणजे वाघाची वर्दी दिली, की ड्रायव्हर गाडी बंद करतो ना, तसाच हा कॉल, फक्त लहान लोकांचा. सागावरून शिक्रा सुटला, सरडा उचलला, परत फांदीवर. दोन सेकंद. चांगली थोराड दिसत होती म्हणजे मादी असावी, यांच्यात मादीच मोठी. इतक्या वर्षांत वाघाला शिकार करताना मी एकदाही पाहिलं नाही, ही शिकार जिप्सीत बसून पाहिली.

परतताना मनसरजवळ कापशी घार दिसली, शेतावर हवेत एका जागी पंख मारत उंदीर शोधत उभी, पण गाडी थांबवायची हिंमत नाही झाली (वर पहा, बायको).

आणि चूकच काढायची होती तर त्या पोस्टमधला तिसरा फोटो धरायचा होता भाऊ! खाली शिक्रा लिहिलं होतं, निघाला पावशा, आपला तो 'पेरते व्हा' वाला. शेपटीवरचे पट्टे, उडायची ढब, सगळं शिक्र्यासारखं, चोच तेवढी पाहायला पाहिजे होती, शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली असते. हा गडी अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात, आणि सातभाईच त्याला शिक्रा समजून बिचकतात, तर माझं काय घेऊन बसलात. फोटो राहू देतो, खालचं नाव बदललंय.