याजकाचे सोवळे आणि त्याची किंमत मोजणारे

इस्राएल लोकांचा पहिला मुख्य याजक अहरोन याचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, परमेश्वरासमोर परका अग्नी घेऊन गेले आणि आगीत भस्म झाले, तेव्हा अहरोन गप्प राहिला. त्या क्षणी बायबलमधील लेवीय या ग्रंथाचा दहावा अध्याय बापाविषयी याहून अधिक काही सांगत नाही. अहरोनाचा भाऊ मोशे याने त्याला आणि त्याच्या उरलेल्या दोन मुलांना केस मोकळे सोडण्यास व वस्त्रे फाडण्यास मनाई केली. मृतदेह अहरोनाच्या चुलत भावांनी छावणीबाहेर नेले, आणि शोक करण्याचे काम बाकीच्या इस्राएल लोकांवर सोपवले गेले. प्राचीन यहुदी उपासनेतील याजकांच्या शुद्धतेचे नियम समजून घ्यायचे असतील तर सुरुवात येथून करावी, असे माझे मत आहे. हे नियम पाण्याचे, वस्त्रांचे आणि भांड्यांचे दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी मृत्यू आहे, आणि तो वेदीपासून दूर ठेवण्यासाठी याजकाच्या खाजगी आयुष्यातून नेमके काय काढून घेतले गेले हा प्रश्न आहे.

त्याच ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात हा नियम स्पष्ट मांडला आहे. सामान्य याजकाने मृतदेहाजवळ जाऊ नये. त्याला मुभा आहे ती आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ आणि अविवाहित बहीण यांच्यापुरती, आणि पुढच्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, परंपरेने त्यात पत्नीही धरली. लग्न होऊन परघरी गेलेली बहीण मात्र वगळली आहे, आणि हा अपवाद वाचताना मला दरवेळी अडखळायला होते. मुख्य याजकाला तर आईबापासाठीही मुभा नाही. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या सान्हेद्रीन या भागात याचे जे चित्र दिले आहे ते विसरता येण्यासारखे नाही. मुख्य याजकाच्या घरात मृत्यू झाला तर त्याने अंत्ययात्रेच्या मागे जावे, पण अशा अंतराने, की लोक वळणाआड गेले की हा दिसावा आणि लोक पुन्हा दिसू लागले की हा आडोशाला असावा. आणि तेही केवळ नगराच्या वेशीपर्यंत. रब्बी यहूदा यांना एवढेही मान्य नव्हते. त्यांच्या मते त्या काळात त्याने मंदिराबाहेर पाऊलच टाकू नये.

सुतक, विटाळ आणि सोवळेओवळे या गोष्टी घरात पाहिलेला मराठी वाचक या नियमांकडे त्याच नजरेने पाहतो, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही काही फरक आधीच ध्यानात घेतले पाहिजेत. या व्यवस्थेत अशुद्ध होणे हे पाप नव्हते. मृतास मूठमाती देणे, मूल जन्माला घालणे, पतीपत्नीचा संबंध या सर्वांनी माणूस अशुद्ध होई, आणि यांतील प्रत्येक गोष्ट धर्माला मान्यच नव्हे तर आवश्यक होती. अशुद्ध माणसाने पवित्र स्थानात जाऊ नये आणि पवित्र अन्न खाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे असे, की ही अवस्था तात्पुरती असे आणि ती मुख्य याजकापासून मजुरापर्यंत सर्वांना येई. जन्मामुळे कायमचा अशुद्ध ठरवलेला, ज्याच्या सावलीपासून इतरांनी दूर राहावे असा एखादा समाज या नियमांनी निर्माण केला नाही. महाडच्या तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाने हा फरक नीट तोलून पाहावा, कारण तो लहान नाही. जन्माने मिळत होते ते याजकपद, आणि नियमांचे सर्वांत मोठे ओझे त्याच पदावर होते.

त्या ओझ्याचे रोजचे रूप पाहण्यासारखे आहे. वेदी आणि मंडप, म्हणजे मंदिरापूर्वीचे तंबूतले पवित्र स्थान, यांच्यामध्ये पितळेचे गंगाळ असे आणि तेथे हातपाय धुतल्याशिवाय सेवेस गेल्यास मृत्यू, असे निर्गम ग्रंथ सांगतो. पुढे यरुशलेमच्या मंदिरात बेन कातीन नावाच्या मुख्य याजकाने दोन तोट्यांच्या गंगाळाला बारा तोट्या करवून घेतल्या आणि त्यातले पाणी रात्रभर साठून सेवेस अयोग्य होऊ नये म्हणून एक यंत्रही बसवले, अशी नोंद मिश्नात आहे. याजक तागाची वस्त्रे घालून अनवाणी सेवा करीत, हिवाळ्यातही. सेवेत जाताना मद्य वर्ज्य होते. पोटाच्या विकारांवर उपचार करण्यासाठी मंदिरात बेन अहिया नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला होता, यावरून थंड फरशीवरच्या या सेवेचा शरीरावर काय परिणाम होत असेल याची कल्पना येते.

मिश्नाच्या तामीद या भागातील एक वर्णन मला विशेष मोलाचे वाटते. रात्री मंदिरात पहारा देणाऱ्या तरुण याजकाला झोपेत वीर्यस्खलन झाले तर तो सेवेस अयोग्य ठरे. अशा वेळी तो उठून मंदिराच्या खालून जाणाऱ्या नागमोडी भुयारी वाटेने निघे. त्या वाटेवर दोन्ही बाजूंना दिवे तेवत असत, शेवटी स्नानाचे कुंड असे, आणि अंग शेकण्यासाठी शेकोटी पेटवलेली असे. तेथील शौचकूपाचे दार बंद असेल तर आत कोणी आहे आणि उघडे असेल तर कोणी नाही, इतकी मर्यादाही पाळली जाई. स्नान करून तो परत येई, आपल्या भाऊबंदांजवळ शेकोटीपाशी बसे आणि पहाटे दरवाजे उघडले की निघून जाई. त्याला कोणी जाब विचारला, हिणवले किंवा शिक्षा केली, असे त्यात कोठेही नाही. नियम कडक असूनही माणसाची लाज राखता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

स्नान केल्यावरही पवित्र अन्न खाण्यासाठी सूर्यास्ताची वाट पाहावी लागे. दिवस मावळला की याजक घरोघरी आपला वाटा खाण्यास बसत, आणि ही वेळ लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाचे पहिलेच वाक्य संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ तिच्यावरून सांगते. त्या वेळी मंदिर उद्ध्वस्त होऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता.

प्रायश्चित्ताच्या दिवसाची तयारी सात दिवस आधी सुरू होई. मुख्य याजकाला घरातून आणून मंदिरातील वेगळ्या दालनात ठेवत, आणि तो ऐनवेळी अशुद्ध झालाच तर म्हणून दुसरा याजक सिद्ध ठेवत. आदल्या रात्री त्याला झोपू देत नसत. डुलकी लागलीच तर तरुण याजक चुटकी वाजवून त्याला उठवत आणि गार फरशीवर उभे राहण्यास सांगत. त्या एका दिवसात पाच वेळा पूर्ण स्नान आणि दहा वेळा हातपाय धुणे असे. तो वृद्ध किंवा नाजूक प्रकृतीचा असेल तर पाण्याचा गारठा मोडण्यासाठी त्यात ऊन पाणी घालत, ही तपशिलातली माणुसकी मला महत्त्वाची वाटते.

मृतदेहाच्या अशुद्धतेवर तांबड्या कालवडीच्या राखेचे पाणी तिसऱ्या व सातव्या दिवशी शिंपडावे लागे. त्या राखेच्या विधीसाठी यरुशलेममध्ये खडकावर, खाली पोकळी ठेवून अंगणे बांधली होती, जमिनीत एखादी अज्ञात कबर असली तरी तिचा दोष वर पोचू नये म्हणून. गर्भवती स्त्रिया तेथे येऊन बाळंत होत, मुलांना तेथेच वाढवत, आणि मृत्यूचा कधीही संसर्ग न झालेली ती मुले बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या फळ्यांवर बसून, हातात दगडी पेले घेऊन शिलोह तळ्याचे पाणी आणत. दगडाला अशुद्धता लागत नाही असा नियम होता, आणि यरुशलेमच्या उत्खननांत त्या काळची दगडी भांडी मोठ्या संख्येने मिळाली आहेत. मिश्नातले हे वर्णन कितपत वस्तुस्थिती आणि कितपत आदर्श हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. मला त्यात दिसतो तो नियमाचा ताण, जो याजकाला ओलांडून लहान मुलांच्या बालपणापर्यंत पोचतो.

येथून पुढे माझा आदर कमी होतो. शुद्धतेचा नियम कोणाला बांधतो यावर त्याची योग्यता ठरवावी, असे मी मानतो. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यालाच तो बांधत असेल तर ते व्रत आहे. त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी लागत असेल तर त्याला व्रत म्हणता येणार नाही. शरीरात व्यंग असलेल्या याजकाला वेदीशी जाता येत नसे. पवित्र अन्नातला त्याचा वाटा कायम राही, ही गोष्ट खरी. पण त्याच्या वाट्याला आलेले काम मंदिराच्या लाकडांतली किडकी लाकडे वेचून काढण्याचे होते. या नियमाचे हत्यार कसे होऊ शकते तेही इतिहासात आहे. इ.स.पू. 40 मध्ये पार्थियनांच्या मदतीने यहुदियात सत्तेवर आलेल्या अँटिगोनसने आपला चुलता, मुख्य याजक दुसरा हिर्केनस, याचे कान छाटले. चुलत्याला जिवे मारण्याची त्याला गरजच नव्हती, कारण व्यंग आलेला माणूस पुन्हा मुख्य याजक होऊ शकत नाही, असे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो, आणि जोसीफस स्वतः याजककुळातला होता.

त्याहून कठीण गोष्ट स्त्रियांची आहे. शत्रूच्या हाती सापडलेली स्त्री याजकाला वर्ज्य ठरे, कारण तिच्यावर अत्याचार झाला असण्याची शंका. जखऱ्या बेन हक्कत्साव नावाच्या याजकाने मंदिराची शपथ घेऊन सांगितले, की शत्रू यरुशलेममध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माझ्या पत्नीचा हात माझ्या हातातून सुटला नाही. त्याला उत्तर मिळाले, की स्वतःच्या बाबतीत कोणालाही साक्ष देता येत नाही. तालमूद, म्हणजे मिश्नावरील रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, पुढे सांगतो, की त्याने तिला आपल्याच अंगणात वेगळे घर दिले आणि मुले बरोबर असल्याशिवाय ती दोघे कधी एकत्र आली नाहीत. हा न्याय मला मान्य होत नाही. याच घराण्यातला दुसरा नियम, याजकाने घटस्फोटितेशी लग्न करू नये हा, आजही इस्राएलमध्ये लागू होतो, कारण तेथील यहुदी विवाह 1953 च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. वेदी इ.स. 70 मध्ये गेली. वेदीच नसताना तिच्या शुद्धतेसाठी दोन सज्ञान माणसांचा विवाह अडवणे मला अन्यायाचे वाटते.

हा धोका परंपरेला स्वतःला दिसला होता, आणि म्हणूनच मी ती मन लावून वाचतो. तोसेफ्ता या मिश्नाला पूरक असलेल्या संग्रहात एक प्रसंग आहे. वेदीच्या उतरणीवर दोन याजक सेवेचा मान मिळवण्यासाठी धावले आणि एकाने दुसऱ्याच्या छातीत सुरी खुपसली. रब्बी सादोक मंदिराच्या पायरीवर उभे राहून बोलू लागले तेव्हा सगळे लोक रडू लागले. इतक्यात त्या मुलाचा बाप आला आणि म्हणाला, माझा मुलगा अजून तडफडतो आहे, म्हणजे सुरी अजून अशुद्ध झालेली नाही. रक्तपातापेक्षा सुरीची अशुद्धता त्यांना जड वाटू लागली होती, असे लिहिण्याचे धैर्य त्या रब्बींनी दाखवले, आणि ते आपल्याच मंदिराविषयी होते.

याच रब्बींनी एक मर्यादाही घालून दिली. रस्त्यात बेवारस मृतदेह आढळला आणि त्याला पुरणारे दुसरे कोणी नसेल, तर स्वतःच्या आईबापासाठीही अशुद्ध न होणाऱ्या मुख्य याजकाने तेथे अशुद्ध व्हावे आणि त्या अनोळखी माणसाला मूठमाती द्यावी. मिश्नाच्या नाझीर या भागात पुढचा वाद आहे तो एवढाच, की मुख्य याजक आणि नाझीरव्रत (मद्य आणि मृतदेह यांपासून दूर राहण्याचे व्रत) घेतलेला माणूस दोघे बरोबर चालले असतील तर आधी कोणी अशुद्ध व्हावे. रब्बी एलिएझर म्हणतात, मुख्य याजकाने. इतर पंडित म्हणतात, नाझीराने. मृतदेह तसाच टाकून पुढे जावे, असे मत दोन्ही बाजूंपैकी कोणीही मांडलेले नाही.