शास्त्रज्ञ व्हायला लागतं तरी काय?

हल्ली जो उठतो तो शास्त्रज्ञ! पांढरा कोट चढवला, मागच्या फळ्यावर दोन समीकरणं खरडली, की झालं. 'क्वांटम' म्हणत तेल विकणारा तर महाशास्त्रज्ञ! प्रयोग कुठे केलास बाबा? नोंदी दाखव. दुसऱ्या कुणाला तोच निकाल मिळाला का? विचारलं रे विचारलं, की 'प्रस्थापितांचा कट'!

बरं, पदवीवाले तरी धड आहेत का? नावाआधी 'डॉक्टर' लागलं की जगातल्या कुठल्याही विषयावर ठोकून द्यायचा परवानाच मिळतो जणू. कॅरी मुलिस या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र) शोधलं, १९९३चं नोबेल मिळवलं, आणि एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारत बसला. आता बोला!

उलट मायकेल फॅरडे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, विद्यापीठाची पायरी न चढलेला, गणितात यथातथाच. पण १८३१मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे, त्यानंच दाखवलं. फसलेल्या प्रयोगांसकट सगळं वहीत, पुढे तर परिच्छेदांना क्रमांक घालून! आज नोकरीला आला असता तर अर्जातल्या 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यातच गारद.

आणि हे तेलवाले वर तोंड करून म्हणतात, "फॅरडेकडे तरी कुठे पदवी होती?" अरे, वही होती ना! तुझी कुठंय?