माळ्यावरचा कॉम्प्युटर ‘फुकटात’ राउटर होत नाही

‘माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढा, त्यात पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स टाका. राउटरवर पैसे घालायला नकोत, खर्च शून्य, नेटचा वेग वाढतो, वाय-फाय घरभर पोचतं आणि हॅकर फिरकत नाहीत.’ असा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला आणि दोन शेजारी कामालाही लागले. (पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स म्हणजे साध्या कॉम्प्युटरला राउटर आणि फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारेकरी, बनवणारी मोफत सॉफ्टवेअर.) हा प्रयोग मी घरी अकरा महिने चालवला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच त्यातल्या चुका सांगायला हव्यात.

खर्च शून्य? सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वीज नाही. राउटर चोवीस तास चालतो. माझ्या डेस्कटॉपला वॅटमीटर लावला, तर काही काम नसतानाही ५८ वॅट. म्हणजे छताचा पंखा रात्रंदिवस फिरत ठेवल्यासारखंच. वर्षाचे ५०८ युनिट होतात. युनिटमागे ८ रुपये धरले तरी चार हजारांच्या वर. साधा डबा-राउटर १० वॅटच्या आसपास चालतो, त्याचे वर्षाला ८८ युनिट. फरक महिन्याला ३५ युनिटचा. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे असल्याने हे जास्तीचे युनिट आपल्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन बसतात. आणि लाइट गेली की तेच ५८ वॅट इन्व्हर्टरच्या बॅटरीतून. एका वर्षाच्या फरकात चांगला राउटर येतो.

लॅपटॉप वीज कमी खातो आणि त्याला बॅटरीही असते, हे खरं. पण बॅटरी जुनी असेल आणि सतत चार्जिंगवर राहिली, तर फुगू शकते. कपाटात बंद करून विसरून जायची ती वस्तू नव्हे.

वेग वाढतो? १०० एमबीपीएसचा प्लॅन १००चाच राहतो. सुधारतं ते वेगळंच, आणि माझ्या मते या खटाटोपाचं खरं फळ तेच आहे. घरात कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण अपलोडच्या रांगेत त्याची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मागे अडकतात. एफक्यू-कोडेल किंवा केक या राउटरच्या सॉफ्टवेअरमधल्या पद्धती ही रांग नीट लावतात. त्यासाठी वेगमर्यादा लाइनपेक्षा थोडी खाली, समजा ९० ते ९५वर ठेवावी लागते. म्हणजे आकडा किंचित घटतो, पण कॉल तुटत नाही. केक २०१८ पासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे. त्यामुळे ओपन-डब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारलेलं राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या छोट्या राउटरवरही हे जमतं. मात्र लाइन फार वेगवान असेल, तर तिथे प्रोसेसर दमतो आणि कॉम्प्युटर सरस ठरतो.

वाय-फाय घरभर? इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पाकिटं इकडून तिकडे पाठवणं हे एक काम, हवेत सिग्नल सोडणं हे दुसरं. कॉम्प्युटरमधलं वाय-फाय कार्ड नेटवर्कला जोडलं जाण्यासाठी बनवलेलं असतं. इंटेलची बरीच कार्डं ५ गिगाहर्ट्झवर स्वतःचं नेटवर्क उभं करूच देत नाहीत. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे आहेत, तिथे वाय-फायची बाजू आणखी लंगडी. म्हणजे जुना राउटर लागतोच, फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वाय-फाय सोडणारा डबा, म्हणून. त्याचा नेटवर्कमधला पत्ता बदला, डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि कॉम्प्युटरकडून येणारी वायर वॅनमध्ये (बाहेरच्या नेटसाठीचं भोक) नव्हे, लॅन (घरातल्या उपकरणांसाठीचं) पोर्टमध्ये लावा. शिवाय कॉम्प्युटरला दोन नेटवर्क पोर्ट हवेत, एक बाहेरच्या लाइनसाठी, एक घरासाठी. बहुतेक जुन्या डेस्कटॉपला एकच असतो.

हॅकर फिरकत नाहीत? अपडेट वेळेवर मिळतात, हा फायदा खराच. पण ते बसवावे लागतात, आणि ३२ बिटची जुनी मशीन पीएफसेन्सने २०१७ मध्येच सोडून दिली. ओटीपी मागणाऱ्या भामट्याच्या फोनपुढे तर कोणतीही फायरवॉल हतबल आहे.

करायचंच असेल, तर दोन पोर्टचा, कमी वीज खाणारा सेकंडहँड मिनी पीसी शोधा. माझ्याकडे आता तोच आहे, ११ वॅटवर. आणि खरेदीआधी फायबरवाल्याला एक फोन करा: त्यांचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता लाइन नुसती पुढे देण्यावर, टाकून मिळेल का? नाही म्हणाले, तर एकामागे एक दोन राउटर बसतात आणि बाहेरून घरातला कॅमेरा पाहण्यासाठी आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये उघडलेली वाट (तिलाही पोर्टच म्हणतात) पहिल्याच डब्यावर अडते.