पियाजे आमच्या घरी

नातवंडं शहाणी होत जातात, तसतशा आजोबांच्या युक्त्या एकेक करून बाद होतात. हे मला अनुभवानं माहीत होतंच, पण त्याचं रीतसर वेळापत्रक असतं हे सूनबाईच्या टीईटीमुळं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेमुळं, कळलं. त्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्राला असतात. त्यामुळं रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत दार लावून ‘जीन पियाजे, जन्म 1896, स्वित्झर्लंड’ असं घोकते आणि ज्यांच्या मेंदूबद्दल हे सगळं लिहिलंय ती दोन कार्टी बाहेर माझ्या अंगावर असतात. थोरली आर्या अकराची, धाकटा शंभू पाचाचा.

पियाजे हा पोरांच्या विचारांचा अभ्यास करणारा माणूस मला पटला. तरुणपणी तो पॅरिसात पोरांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजून पगार घ्यायचा, तर याचं लक्ष चुकांकडं! एका वयाची पोरं साधारण एकाच तऱ्हेनं चुकतात, हे त्यानं हेरलं. पुढं स्वतःची तीन पोरं हाताशी आल्यावर तर काय, घरातच प्रयोगशाळा. बाळाच्या डोळ्यांदेखत खेळणं कापडाखाली सारायचं आणि बघत बसायचं. सात-आठ महिन्यांच्या आतलं बाळ ते शोधायच्या भानगडीत पडत नाही. दिसेना म्हणजे संपलं. ते सुख मी भोगलंय. शंभूनं माझा चष्मा धरला की तो सोडवून उशीखाली सरकवायचा, विषय मिटला. मग एक दिवस त्यानं सरळ उशीच उचलली.

सध्या शंभू दोन ते सात वर्षांच्या टप्प्यात आहे. सूनबाईच्या गाईडात त्याला ‘पूर्व-क्रियात्मक अवस्था’ म्हणतात. या वयात पोराला जे दिसतं तेवढंच खरं. घरातली बहुतेक भांडणं इथूनच निघतात.

दूध आमच्याकडं गंगावेशीतल्या कट्ट्यावरून येतं, डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं. मी दोन सारख्या फुलपात्रांत सारखं ओतलं. शंभूनं खाली वाकून, एक डोळा मिटून, पातळी तपासली. ‘सेम,’ म्हणाला. मग आर्यानं आपलं दूध उंच, निमुळत्या काचेच्या ग्लासात ओतून घेतलं, आणि शंभूनं भोकाड पसरलं. ‘दीदीला लई! मला कमीऽऽ!’ आर्या म्हणाली, ‘अरे, नुसतं ओतलंय. हे बघ, परत फुलपात्रात घालतो. तेवढंच झालं का नाही?’ झालं. शंभू गप्प. पुन्हा ग्लासात घातलं, पुन्हा भोकाड. आतून सूनबाईचा आवाज आला, ‘मामा, त्याला अजून उलट क्रिया कळत नाही. सात वर्षांपर्यंत चालायचंच!’

सात वर्षांपर्यंत! म्हणजे दोन वर्षं मी रोज दुधाची पंचायत भरवायची?

पण शत्रूचं शास्त्र एकदा कळलं की त्याचा उपयोगही कळतो. शंभूला दूध नको असलं की मी ते पसरट वाडग्यात ओततो. ‘बघ, तळाला तर लागलंय.’ तो गटागटा पितो. पांढरा रस्सा आवडतो म्हणून जास्त हवा असला, तर तोच उंच ग्लासात. चपाती एकच, पण मधून फाडली की दोन झाल्या. मोठ्यांनी हसू नये. रविवारी मिसळीला येणारे माझे सत्तरीचे स्नेही कट वेगळ्या वाटीत दिला की ‘आज जास्त घातला गड्या’ म्हणून खूश होतात. औपचारिक विचार, म्हणजे समोर नसलेल्या गोष्टींवरही तर्क चालवणं, अकरा-बाराला सुरू होतो असं पियाजेंनी म्हटलं खरं, पण सगळेच मोठे तो सदासर्वदा करतात असं पुढच्या अभ्यासकांनाही काही आढळलेलं नाही.

शंभू पुण्याच्या काकाशी फोनवर बोलतो तेव्हा प्रश्नाला नुसती मान डोलवतो. नवी गाडी फोनच्या जवळ नेऊन म्हणतो, ‘ही बघ!’ आपल्याला दिसतं ते काकाला दिसत नाही, हे त्याच्या खिजगणतीत नाही. रंकाळ्यावर फिरताना चांदोबा त्याच्याबरोबर चालतो, भेळेच्या गाडीपाशी आपण थांबलो की थांबतो. मी विचारलं, ‘समोरून ते काका उलटे चाललेत, मग त्यांच्याबरोबर कोण जातंय?’ शंभूनं क्षणभर त्या गृहस्थांकडं बघितलं. ‘त्यांचा आसंल दुसरा.’

एका बाबतीत मात्र मी पोराच्या बाजूचा. सूनबाईनं दोन सारख्या ओळीत शेंगदाणे मांडले, विचारलं, ‘सारखे?’ ‘हो.’ मग एक ओळ लांब पसरवून तिनं पुन्हा विचारलं. शंभू म्हणाला, ‘ही जास्त.’ सूनबाईनं वहीत फुली मारली. पण एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन बाईंनी 1970 च्या दशकात एका सहकाऱ्याबरोबर हाच खेळ जरा बदलून केला. ओळ मोठ्या माणसानं न हलवता एका खोडकर टेडीनं विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त पोरांनी बरोबर सांगितलं. साहजिक आहे. मोठ्या माणसानं मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, म्हणजे पहिलं उत्तर चुकलं असणार. आमच्या शाळेत तर हे गणित छडीसकट शिकवलं जायचं.

आर्याची मात्र मला धास्ती वाटते. तिचा चौथा, औपचारिक विचाराचा टप्पा लागलाय. समोर नसलेल्या गोष्टींवर ‘समजा असं असेल तर’ करून ती वाद घालते. परवा ती माझ्या खोलीत येऊन गादीच्या टोकावर बसली.

‘आबा, समजा एका माणसाला डॉक्टरांनी गोड बंद केलंय.’

‘बरं.’

‘आणि समजा त्याच्या कपाटात, धोतराच्या घडीखाली, काजूकतली आहे. आणि समजा हे आईला कळलं.’

मी निमूटपणे डबा काढला. तिला एक दिली. वासावर शंभू आला. त्याला एकाच वडीचे दोन तुकडे करून दिले. ‘मला दोऽऽन!’ म्हणून तो नाचत बाहेर पळाला. मी डबा बंद करू लागलो, तर आर्या जागची हलली नव्हती.

‘आबा, समजा मी त्याला खरं सांगितलं तर?’

मी डबा पुन्हा उघडला.