"व्हायरसला इंजिन कळतं का?" या फॉरवर्डला उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक लांबलचक मेसेज टाकलाय. मामा रत्नागिरीचे, रोज संध्याकाळी खडकावर बसून गरवणारे, त्यामुळे मासेमारीचा विषय असला की वाचल्याशिवाय पुढे ढकलत नाहीत, पण हा वाचून तसाच पुढे ढकललाय आणि वर "हे बघा तुमच्या अमेरिकेचं" असं मला उद्देशून लिहिलंय. मी मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, २०२० मध्येही इथेच होतो, आणि इथल्या नदीवर मी स्वतः गळ घेऊन जातो. तेव्हा उत्तर द्यायलाच हवं, कारण ग्रुपवरच्या चौघांनी ते आधीच आपापल्या ग्रुपवर पाठवलंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कोरोनात मिशिगनच्या गव्हर्नरबाईंनी मासे धरायला बंदी घातली. वल्ह्याची होडी चालेल पण मोटरबोट नाही, म्हणजे व्हायरसला इंजिन कळतं. बाईंच्या नवऱ्याची बोट मात्र पाण्यात गेली. शेवटी कोर्टाने सगळंच बेकायदा ठरवलं. मासे खाऊन कोरोना होतो म्हणून हे केलं असंही मध्येच कुठेतरी घुसडलंय. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरात: पाण्यावर मोकळ्या हवेत कुणाला काही होत नाही, सोशल डिस्टन्सिंग हा धंदा होता, पुढच्या वेळी कुणाचं ऐकू नका.

मासेमारीवर बंदी घातली, हे सरळ खोटं आहे. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांचा तो आदेश ९ एप्रिल २०२० चा, नंबर २०२०-४२, नेटवर अजून पडलेला आहे, कुणीही उघडून वाचावा. घराबाहेर पडायला कशाकशासाठी परवानगी आहे त्याची त्यात यादी आहे आणि त्यात बाहेरचा शारीरिक व्यायाम येतो: चालणं, हायकिंग, पळणं, सायकल, कयाक, कनू (दोन्ही वल्ह्याच्या हलक्या, अरुंद होड्या) आणि तशाच गोष्टी, अट एकच, घराबाहेरच्या माणसापासून सहा फूट अंतर. ज्यांना हालचाल करायला त्रास आहे त्यांच्यासाठी त्यांना जमेल अशी गोष्टही चालेल, हेसुद्धा त्यातच लिहिलंय. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने वेगळं स्पष्ट केलं की काठावरून गळ टाका, कयाकमधून टाका, काही हरकत नाही. लायसन्स विकणं चालू होतं, स्टेट पार्क उघडे होते. बंदी होती ती मोटरबोट, जेट स्की (पाण्यावरची स्कूटर) वगैरेवर, आणि तीही २४ एप्रिलला उठली, म्हणजे जेमतेम पंधरा दिवस. २४ तारखेच्या नव्या आदेशात, नंबर २०२०-५९, बोटिंग आणि गोल्फ दोन्ही स्पष्ट शब्दांत परवानगीच्या यादीत आले. पंधरा दिवसांची मोटरबोट बंदी, तिची "मासेमारी बंदी" कशी झाली ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता इंजिनचं. हाच मुद्दा सगळ्यांना आवडलाय, मामांनासुद्धा, कारण वाचताना पटकन पटतो. म्हणून यावर जरा थांबतो.

एप्रिलमध्ये डेट्रॉइट नदीवर काय असतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला ही बंदी वेडेपणा वाटणार. वॉलआय नावाचा मासा असतो, खायला फार चांगला, तो अंडी घालायला ईरी सरोवरातून या नदीत वर चढतो आणि एप्रिल म्हणजे त्याचा ऐन भर. त्या दिवसांत नुसतं मिशिगनचं नाही तर शेजारच्या ओहायोतूनही लोक ट्रेलरवर बोट लादून येतात. नदीत बोटींची अक्षरशः दाटी असते, पण मुद्दा नदीतल्या दाटीचा नाही, मुद्दा रॅम्पचा आहे. रॅम्प म्हणजे ट्रेलरवरची बोट पाण्यात सोडायचा उतार, आणि ते ठराविकच, पहाटेपासून गाड्यांची रांग, एक जण गाडी मागे घेतोय, दुसरा दोरी धरून धक्क्यावर उभा, तिसरा त्याला हात द्यायला येतो, बोट सुटली की पुढच्याची पाळी. धक्का इतका अरुंद की समोरून येणाऱ्याच्या अंगाला अंग लागतंच. मग बोटीत तीन-चार मित्र, वेगवेगळ्या घरांतले, सतरा-अठरा फुटी बोटीत दिवसभर खांद्याला खांदा लावून. त्याआधी पेट्रोल पंप, बर्फ, आमिषाचं दुकान, परतताना पुन्हा पंप. यातला कुठला भाग "मोकळ्या हवेत एकटा" आहे? कयाक माणूस गाडीच्या टपावरून स्वतः उतरवतो, कुठल्याही काठावरून पाण्यात सोडतो, बहुतेकदा एकटाच बसतो आणि घराजवळच्या तळ्यावर जातो. फरक इंजिनात नाही, इंजिनाच्या आधी आणि नंतर माणसं कुठे कुठे एकत्र येतात त्यात आहे.

आणि हे कुठे चाललं होतं तेही बघा. आदेश निघाला त्या सुमारास मिशिगनमध्ये कोरोनाने गेलेल्यांचा आकडा हजाराच्या वर होता आणि त्यातला मोठा वाटा डेट्रॉइट आणि आजूबाजूच्या वेन काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). म्हणजे नेमका याच नदीच्या काठचा भाग. डेट्रॉइटमधलं मोठं कन्व्हेन्शन सेंटर, तेव्हा त्याचं नाव टीसीएफ सेंटर होतं, ते नदीच्या अगदी काठावर आहे, तिथे लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी जवळपास हजार खाटांचं तात्पुरतं हॉस्पिटल उभं केलं आणि ते एप्रिलच्या त्याच आठवड्यात सुरू झालं. बंदी उठली तोवर राज्यातल्या मृतांचा आकडा तीन हजारांच्या आसपास गेला होता. दोन आठवड्यांत. मला कुणी सांगावं की अशा आठवड्यात त्या रॅम्पवर रांगा लागू द्यायच्या होत्या का. (त्या हॉस्पिटलात पुढे पन्नासही पेशंट आले नाहीत आणि यावरही वेगळा फॉरवर्ड फिरतो. आले नाहीत कारण आकडे खाली आले, आणि आकडे खाली यावेत म्हणूनच तर लोकांना घरी बसवलं होतं.)

बरं, यात एक गोष्ट मान्य करावीच लागेल. नियम ठोकळ होता. एखादा म्हातारा माणूस, एकटाच, घरामागच्या तळ्यात स्वतःच्या धक्क्यावरून छोटी मोटर लावलेली होडी काढतो, त्याच्यापासून कुणाला धोका नव्हता. त्याला वल्ही मारणं जमत नाही आणि त्याला घरी बसवलं, हे चुकलं, मला तेव्हाही पटलं नव्हतं. राज्याच्या उत्तरेकडच्या चार काउंटींच्या शेरीफनी, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखांनी, तर जाहीर सांगितलं की आम्ही हे आदेश कडकपणे राबवणार नाही, आणि त्या भागात पेशंट फार नव्हते हेही खरं. अख्ख्या राज्याला एकच नियम लावला ही टीका योग्य आहे. "रॅम्पवर एका वेळी एकच गाडी, बोटीत एकाच घरची माणसं" एवढा नियम केला असता तर कदाचित भागलं असतं, आणि २४ एप्रिलनंतर साधारण तसंच झालं, सहा फुटांची अट ठेवून बोटी सोडल्या. पण नियम ठोकळ होता म्हणणं वेगळं आणि नियमामागे कारणच नव्हतं म्हणणं वेगळं. फॉरवर्ड दुसरं म्हणतोय आणि ते चूक आहे.

नवऱ्याची बोट. हो, यात थोडं खरं आहे. मेमोरियल डे म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारचा वीकेंड, त्याआधी बाईंच्या नवऱ्याने बोटी-धक्क्यांची कामं करणाऱ्या एका कंपनीकडे आपली बोट लवकर पाण्यात टाकता येईल का असं विचारलं आणि मी गव्हर्नरचा नवरा आहे, त्याने काही फरक पडेल का, असंही म्हणाला. बाईंनी नंतर सांगितलं की तो विनोद करायला गेला आणि फसला. मला तो विनोद वाटत नाही, त्याच दिवसांत बाई लोकांना उत्तरेकडे गर्दी करू नका म्हणत होत्या, तेव्हा हे शोभणारं नव्हतंच. पण तारीख बघा ना. मोटरबोटीची बंदी एप्रिलमध्येच उठली होती. फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय की "जनतेला बंदी असताना" बोट काढली, ते तारखेने पडतं. शिवाय बोट पाण्यात गेली असंही नाही, कंपनीकडून नकारच मिळाला होता.

कोर्टाचं. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने २ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला हे खरं, बाईंच्या विरोधात गेला हेही खरं, मोठा निकाल होता. पण काय ठरलं? १९७६ च्या कायद्याखाली विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय ३० एप्रिलनंतर आणीबाणी वाढवायचा अधिकार गव्हर्नरला नव्हता, यावर सगळे न्यायाधीश एकमत. आणि १९४५ चा जो दुसरा कायदा त्या वापरत होत्या तो चार विरुद्ध तीन मतांनी घटनाबाह्य ठरला. ३० एप्रिलपर्यंत विधिमंडळाने स्वतः ठराव करून मुदत वाढवून दिली होती. मोटरबोटीची बंदी ९ ते २४ एप्रिल. म्हणजे ज्या काळावरून भांडण झालं त्यात ती येतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंतर राखणं निरुपयोगी आहे असं त्या निकालात कुठेही नाही, भांडण अधिकार गव्हर्नरचा की विधिमंडळाचा यावर होतं.

मासे खाऊन कोरोना, यावर काही लिहीत नाही. आपल्याकडे २०२० च्या सुरुवातीला चिकनच्या बाबतीत हेच झालं आणि पोल्ट्रीवाले रस्त्यावर आले, तेवढं आठवा.

खरं तर मासेमारी बंदीच म्हणायची तर फॉरवर्डवाल्याने राज्य चुकीचं निवडलं. पूर्ण बंदी घातली ती वॉशिंग्टन राज्याने, पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअॅटलवाल्या. २५ मार्चच्या रात्रीपासून हौशी मासेमारी सगळीकडे बंद, काठावरूनसुद्धा. तिथे मात्र एकट्याने शांतपणे गळ टाकणाऱ्यालाही बंदी होती आणि ती जास्तच कडक होती असं मला वाटतं. पण कारण तिथल्या खात्याने उघड सांगितलं: रॅम्पवर गर्दी, किनाऱ्यावर गर्दी, आणि शहरातले लोक मासे धरायला लहान लहान गावांत जाऊन उतरत होते, तिथली हॉस्पिटलं छोटी. ओरेगॉनने एप्रिलमध्ये याच कारणाने फक्त बाहेरच्या राज्यातल्यांना बंदी केली. आणि पोटासाठी मासे धरणाऱ्यांचं काय, तर वॉशिंग्टनची ती बंदी हौशी लोकांवर होती, व्यावसायिक मासेमारीवर नाही. आपल्याकडे उलट झालं, मामांना हे चांगलं आठवत असेल, मार्चच्या लॉकडाउनमध्ये मच्छीमारांच्या होड्याच बंदरात अडकल्या आणि १० एप्रिलला केंद्राने समुद्रातल्या मासेमारीला सूट दिली तोवर लोकांचे हाल झाले, आणि सूट मिळाल्यावरही बर्फ नाही, मार्केट नाही. राग यायचाच तर तो याचा यावा. हौशी माणसाला पंधरा दिवस मोटर लावता आली नाही याचं दुःख रत्नागिरीत बसून कशाला?

आता शेवटची ठळक ओळ, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. बाकी सगळं चुकीचं असलं तरी त्याने कुणी मरत नाही, पण "पुढच्या वेळी कुणाचं ऐकू नका" याने मरू शकतं. मोकळ्या हवेत धोका कमी, बंद खोलीपेक्षा खूपच कमी, हे बरोबर आहे आणि आता सगळे मान्य करतात. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि पाण्यावर जाणारा माणूस पाण्यावरच राहत नाही. तो गाडीत तिघांना घेऊन जातो, टपरीवर चहा घेतो, संध्याकाळी मासे साफ करायला सगळे एका घरात बसतात. मामांच्या त्या खडकावरही एकटा कुणी बसत नाही, पाच-सहा जण असतातच आणि त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. अशा माणसांना सांगायचं की ऐकू नका?

आणि डिस्टन्सिंगने मासेमारी मारली म्हणतात त्यांच्यासाठी एक आकडा, अमेरिकेतल्या बोटिंग आणि मासेमारीच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या संस्थेचा: २०२० साली अमेरिकेत ५ कोटी ४७ लाख लोकांनी मासे धरले, आदल्या वर्षी ५ कोटींच्या आसपास होते. वाढले. कारण थिएटर बंद, मॉल बंद, आणि अंतर राखून करता येण्यासारखी जी थोडी कामं होती त्यातलं हे एक. वॉशिंग्टनने ५ मेला मासेमारी पुन्हा उघडली तेव्हा सोबत सूचना दिल्या होत्या: घराजवळच्याच पाण्यावर जा, घरातल्याच माणसांना घ्या, रॅम्पवर गर्दी दिसली तर दुसरीकडे जा. हेच नियम पाळून लोकांनी अख्खा उन्हाळा मासे धरले, मीही धरले, आमच्या कॉलनीतल्या ज्या पोरांनी आयुष्यात गळ पाहिला नव्हता ती त्या वर्षी शिकली. मामा, फॉरवर्ड जिथे जिथे पाठवलाय तिथे तिथे हेही पाठवा.